इसोगाईचं गाणं

शिमोनोसेकी
२ नोव्हेंबर १९९६

प्रिय किनुचान,

थंडी पडू लागली, झाडांची पानं लाल झाली, तब्येतीला जप, असं सगळं पत्राच्या सुरुवातीला लिहायची रीत आहे हे मला ठाऊक आहे. ते सगळं लिहिलं असं समज. आज माझ्यात तेवढा धीर नाही. अगं, इसोगाई परत येतोय!

खेळायला नाही, पन्नाशीला आलाय तो. मॅनेजर म्हणून येतोय. कोणाला खेळवायचं, कोणाला बाकावर बसवायचं, चेंडू फेकणाऱ्या पिचरचा हात दमला की कधी बदलायचा, हे सगळं आता आपल्या मिसागो बेसबॉल संघात आपला इसोगाई ठरवणार. मला कसं कळलं ते ऐक. परवा सकाळी मी स्टेडियममागच्या माझ्या स्टॉलसाठी मुळे सोलत होते. यंदा मुळे काय सुरेख आलेत, पांढरे, गुळगुळीत, लहान मुलाच्या मांडीसारखे. तेवढ्यात मासेवाला मुराओका रबरी बूट घालून फटाक फटाक पळत आला. हातात वर्तमानपत्र, तेही ओलंचिंब, माशाच्या पाण्यानं. म्हणाला, "आजी, वाचा!" म्हटलं, "मेल्या, माझा चष्मा घरी, आणि चौथीनंतर शाळा सुटून मी जाळ्यांच्या कारखान्यात भरती झाले. तूच वाच." तर तो वाचायला लागला आणि मधेच तोंड फिरवून ओल्या बाहीनं डोळे पुसू लागला. एवढा दांडगा माणूस! त्या दिवशी दुपारपर्यंत त्यानं मासे तोलले पण भाव विसरत होता. बायकांनी मुद्दाम गर्दी केली.

संध्याकाळी गावच्या न्हाणीघरात हाच विषय. गरम पाण्यात मानेपर्यंत बुडून सगळ्या बायका एकदम बोलत होत्या. बटाटेवडेवाली ओनुमा म्हणाली, "कॅचर म्हणून चांगला होता, पण तोक्योच्या संघात राहून आलाय. आता त्याला आपलं बंदर काय गोड लागणार?" मी म्हटलं, "तुझी जाऊ सहा वर्षं ओसाकाला राहून आली, तिला तुझं लोणचं गोड लागतं ना? मग झालं तर." सगळ्या हसल्या. पलीकडे पुरुषांच्या बाजूनं भिंतीवरून आवाज आला, "हात्सुए आजींचं बरोबर आहे!" म्हणजे मेले कान लावून बसले होते.

काय सांगू किनुचान, दर वर्षी संघ शेवटून पहिला यायची आपल्याला सवय झाली होती. आणि एका माणसाचं नाव छापून आलं तर अख्खं गाव ताठ चालायला लागलं. केस कापणाऱ्यानं दुकानावर तो जुना मोठा फोटो पुन्हा लावला, इसोगाई उकिडवा बसलाय, तोंडावर जाळी, डोळेच तेवढे दिसतात. मी त्या फोटोसमोर दोन्ही हात जोडून उभी राहिले. चिनामी, माझी नात, म्हणाली, "आजी, ते देऊळ नाही." म्हटलं, तुला नाही कळायचं.

आता कामाचं. उजव्या स्टँडमधला ढोलवाला गोंदो आठवतो ना? आता तोच आपल्या वाजवणाऱ्या गटाचा पुढारी आहे, डोकं पूर्ण चकचकीत. तो आला होता. म्हणाला, पहिल्या सामन्याला इसोगाईसाठी, तो बॅट घेऊन आला की वाजायचं ते त्याचं जुनं गाणं वाजवावं असं सगळ्यांच्या मनात आहे. पण गाणं तुझ्या यासुजीसाननी केलेलं. त्यांनीच एक दिवस ट्रम्पेट खाली ठेवला आणि ते पुन्हा कोणी वाजवलं नाही. आता ते नाहीत, तेव्हा किनुसानच्या शब्दाशिवाय ओठाला लावणार नाही, म्हणाला. मला बरं वाटलं. रीतभात आहे अजून.

तर तू हो म्हण. 'भिंतीपलीकडे समुद्र आहे, इसोगाई, तिथवर पाठव!' लिहितानाच अंगावर काटा आला बघ.

तुझी
हात्सुए


आसाहिकावा
२० नोव्हेंबर

हात्सुएसान,

पत्र मिळालं. इथे बर्फ दाराच्या कडीपर्यंत आलंय. मुलगा रोज फावड्यानं वाट करतो. गुडघा बरा आहे.

गाणं वाजवू नये. ते यासुजीबरोबर गेलं. गोंदोला माझा नमस्कार सांग आणि एवढंच सांग.

ओनुमाच्या लोणच्यात मीठ जास्त असतं, हे मात्र खरं.

किनु


शिमोनोसेकी
१४ जानेवारी १९९७

प्रिय किनुचान,

तुझं एवढंसं पत्र आलं तेव्हा मी रुसले होते. म्हणून नवीन वर्षाचं कार्डसुद्धा चिनामीच्या हातून लिहून घेतलं. पण रुसून किती दिवस राहणार? असं काही घडलंय की तुला सांगितलं नाही तर मी फुटेन.

इसोगाई माझ्या स्टॉलवर आला.

थंडीत सामने नसतात, स्टेडियमच्या मागे कुत्रंसुद्धा फिरकत नाही. पण गोदीतले लोक दुपारी येतात म्हणून मी ओदेनचं, रश्शात मुळा-अंडी शिजवायचं, भांडं चढवते. वाफेत मला समोरचा माणूस दिसत नव्हता. उंच, खांद्यात वाकलेला, कानटोपी. म्हणाला, "आजी, मुळा मुरलाय का?"

म्हटलं, "मुरलाय. पण चांगला मुळा मी ओळखीच्याला देते. तू कोण?"

तो म्हणाला, "मी पूर्वी इथे काम करत होतो."

अगं, तो आवाज! पळी भांड्यात पडली, रस्सा माझ्या मनगटावर उडाला, मला कळलंसुद्धा नाही. कानटोपी काढली त्यानं. केस पांढरे झालेत, पण डोळे तेच जाळीतले. त्याला मी मुळा दिला, अंडं दिलं, माशाचे वडे दिले, पैसे घेतले नाहीत. तो म्हणाला, "मग मी उद्यापासून येणार नाही." मग घेतले. हट्टी आहे, तसाच.

वर उजव्या स्टँडमध्ये एकटाच जाऊन बसला होता म्हणे, त्या गारठ्यात. म्हणाला, "आजी, वीस वर्षं मी तुम्हा लोकांचा आवाज खालून ऐकला. वरून मैदान कसं दिसतं ते आज पाहिलं. तुम्ही इतक्या लांबून आम्हाला ओळखत कसे होतात?" मी आणखी दोन अंडी वाढली.

मग मी धीर करून गाण्याचं काढलं. तू नाही म्हणालीस ते सांगितलं नाही, नुसता सूर लावून पाहिला. तर तो एकदम म्हणाला, "नको आजी. मॅनेजरला गाणं नसतं. गाणं बॅट धरणाऱ्याचं. आणि मॅनेजर मैदानात कधी येतो? पिचर बदलायला. म्हणजे समोरच्यांची बॅटिंग चालू असताना. तेव्हा त्यांनी वाजवायचं आणि आपण गप्प बसायचं, हा उजव्या स्टँडचाच नियम ना? माझ्यासाठी मोडायचा?"

बरोबर आहे बाई. दोन्ही बाजूंनी एकदम ट्रम्पेट वाजले तर तो मासळीबाजार होईल. आपल्या यासुजीसाननीच तो नियम सगळ्यांना शिकवला होता. समोरच्यांच्या वेळी चणा जरी चावला तरी डोळे वटारायचे.

नियमावरून मी त्याच्यापाशी यासुजीसानचं नाव घेतलं, तर त्यानं विचारलं, "बरे आहेत ना ते?" त्याला माहीतच नव्हतं! मी सांगितलं, दहा वर्षं झाली. त्यानं चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. मग म्हणाला, "त्यांनी एकदा वाजवायला नको तेव्हा माझ्यासाठी वाजवलं होतं. तो चेंडू मी मारला नाही, त्यांनी मारला. त्यांना भेटून सांगायचं होतं." आणि उठला. उरलेलं अंडं मात्र खाऊन उठला, टाकलं नाही.

हे काय गं किनुचान? वाजवायला नको तेव्हा म्हणजे कधी? यासुजीसान आणि नियम मोडतील? मला तर खोटं वाटतं. पण तो खोटं बोलणारा नाही. तू त्याच्यावर चिडली आहेस, तो आपल्याला सोडून गेला म्हणून, हे मी समजू शकते. पण त्याला मालकांनी तोक्योला दिलं होतं, त्यात त्याचा काय दोष? तू त्याचे डोळे बघायला हवे होतेस.

मनगटाला फोड आलाय. औषध लावत नाही, राहू दे थोडे दिवस.

हात्सुए


आसाहिकावा
२९ जानेवारी

हात्सुएसान,

औषध लाव. या वयात फोड चिघळतात.

तू मला पहिल्यापासून उलटं समजलीस. इसोगाईवर माझा राग कधीच नव्हता. तुला सांगते, कारण त्यानं ते लक्षात ठेवलंय. मला वाटलं होतं, आता जगात ते फक्त मलाच आठवतं.

त्याला तोक्योला दिल्यानंतरच्या वर्षी तो पहिल्यांदा आपल्या मैदानावर त्यांचा शर्ट घालून आला. तू खाली स्टॉलवर होतीस, पावसाळी हवा, गिऱ्हाईक खूप. मी वर यासुजीच्या शेजारी. शेवटचा डाव, आपण एका धावेनं पुढे, त्यांचा एक गडी कोपऱ्यावर. आणि बॅट घेऊन इसोगाई आला. तो नेहमीसारखाच आला, डावा पाय दोनदा आपटून. यासुजीनं ट्रम्पेट उचलला. मी त्याची बाही धरायच्या आत इसोगाईच्या गाण्याची पहिली ओळ वाजवून झाली होती. हाताला सवय, दुसरं काही नाही. समोरच्या संघाच्या माणसासाठी, समोरच्यांच्या बॅटिंगमध्ये, आपल्या स्टँडमधून! त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्यानं ट्रम्पेट असा खाली घेतला जसा काही तो तापलेला होता. आणि पुढच्या चेंडूवर इसोगाईनं होमरन मारला. भिंतीपलीकडे. आपण हरलो.

मग आपल्याच लोकांनी यासुजीला काय काय म्हटलं! 'तोक्योचा हस्तक.' 'तिकडेच जाऊन बस.' कागदी पेले फेकले, त्यात बिअर होती. ज्यांना त्यानं टाळ्यांचा ताल शिकवला त्यांनी. तू खालून आरडाओरडा ऐकला असशील आणि तुला वाटलं असेल होमरनचा आहे. यासुजीनं रुमालानं ट्रम्पेट पुसला आणि आम्ही मागच्या जिन्यानं घरी आलो. त्यानंतर तो कधी त्या स्टँडमध्ये बसला नाही. तुला मी खोकल्याचं कारण सांगत होते, आणि त्या लोकांनीही पुन्हा त्याचा विषय काढला नाही.

घरी एकदाच म्हणाला, "किनु, त्यानं ऐकलं असेल का?" मी म्हटलं, एवढ्या गोंगाटात कुठलं ऐकतोय.

त्यानं ऐकलं होतं, हे मला आज तुझ्याकडून कळतंय. यासुजीला कोणी सांगायचं आता?

माझा राग उजव्या स्टँडवर आहे. त्यांना मी ते गाणं देणार नाही.

तो बारीक झालाय का? अंडी किती खाल्ली?

किनु


शिमोनोसेकी
११ फेब्रुवारी

किनुचान,

तीन खाल्ली. बारीक नाही, पण गाल बसलेत.

तुझं पत्र मी चिनामीकडून दोनदा वाचून घेतलं, अक्षर अवघड म्हणून नाही. मग ते एप्रनच्या खिशात घालून गोंदोच्या टायरच्या दुकानात गेले आणि त्याच्यापुढे ठेवलं. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.

तो टायरवर बसून वाचत होता. वाचून झालं तरी मान वर करेना. दुकानातला दुसरा माणूस म्हणाला, "मालक, गिऱ्हाईक आलंय." तर त्याच्यावर खेकसला. मग मला म्हणाला, "आजी, मी तेव्हा त्यांच्या मागच्या रांगेत होतो. पहिला पेला माझाच असेल." मी म्हटलं, "असेल म्हणजे?" म्हणाला, "माझाच होता."

मी पत्र परत एप्रनच्या खिशात घातलं. तो म्हणाला, "किनुसानना आता परवानगी मागू नका. आम्ही मागायच्या लायकीचे नाही. गाणं होणार नाही, एवढं कळवा."

तर कळवते. गाणं होणार नाही.

फोड बरा झाला.

हात्सुए


शिमोनोसेकी
५ एप्रिल

किनुचान,

फेब्रुवारीतल्या माझ्या पत्रानंतर तू एक अक्षर लिहिलं नाहीस. या पत्रानंतर कदाचित आयुष्यभर लिहिणार नाहीस. तरी मी लिहिणार, कारण तुला सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

काल पहिला सामना झाला, तोक्योबरोबर. चिनामीला स्टॉलवर बसवून मी वर गेले. इतकी वर्षं त्या स्टँडच्या खाली उभी राहिले, वर बसले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा. अगं, किती माणसं! म्हाताऱ्याकोताऱ्यांना मुलांनी पाठीवरून आणलं होतं. चेरीची फुलं वाऱ्यानं थेट मैदानावर येत होती आणि मैदान झाडणारी माणसं ती झाडत नव्हती. संध्याकाळ झाली, दिवे लागले, आणि बाकावरून इसोगाई बाहेर आला तेव्हा कोणी ओरडलंच नाही. सगळे नुसते उभे राहिले. मला वाटलं मी समुद्र उभा राहिलेला बघतेय.

सामन्याचं सांगत बसत नाही. आपण पुढे होतो, मग मागे पडायला लागलो, नेहमीप्रमाणे. आठव्या डावात आपल्या पिचरचे हात गळाले. तोक्योची माणसं सगळ्या कोपऱ्यांवर उभी, त्यांचा सगळ्यात दांडगा गडी बॅट घेऊन आलेला, त्यांच्या बाजूला ट्रम्पेट, ढोल, नुसता कल्लोळ. आपण नियमाप्रमाणे चिडीचूप. मी तर श्वाससुद्धा बेतानं घेत होते. आणि पिचर बदलायला इसोगाई बाकावरून निघाला. अंपायरकडे चालत. मान खाली, सावकाश.

तेव्हा गोंदो उठला.

मला वाटलं लघवीला चाललाय. तो रांगेच्या टोकाला गेला, तुमच्या दोघांच्या जुन्या जागेकडे तोंड केलं आणि कमरेतून वाकला, चांगला खोलवर. त्याचं चकचकीत डोकं दिव्यात चमकत होतं आणि कोणी हसलं नाही. मग वळला आणि ट्रम्पेटवाल्यांना हात केला.

किनुचान, त्यांनी समोरच्यांच्या बॅटिंगमध्ये वाजवलं! इसोगाईचं गाणं. भर गोंगाटात, सगळ्यात वाईट वेळी, सगळा नियम पायाखाली घेऊन. आधी तीन ट्रम्पेट. मग केस पिकलेली माणसं उठली, ज्यांना शब्द येत होते. माझ्या पुढच्या रांगेतला एकजण रडत होता आणि चुकीच्या सुरात गात होता. मग ज्यांना शब्द येत नव्हते ती तरणी पोरंसुद्धा नुसतं आ आ करून. मुराओका, ओनुमा, सगळे. ओनुमाचा आवाज इतका चांगला असेल असं मला वाटलं नव्हतं. मला काय वाटलं सांगू? की सगळी हजारो माणसं एका वेळी यासुजीसानची चूक करतायत. मुद्दाम. म्हणजे ती आता त्यांच्या एकट्याची राहिली नाही.

आणि आणखी ऐक. तोक्योवाल्यांनी त्यांचे ट्रम्पेट खाली घेतले. चिडून नाही. त्यांच्यातला एक म्हातारा पुढारी उभा राहिला, दोन्ही हात खाली दाबले, आणि त्यांची अख्खी बाजू शांत झाली. त्यांनाही काहीतरी कळलं असणार. जगात अशी माणसं असतात, किनुचान, समोरच्या बाजूलासुद्धा.

इसोगाई मधेच थांबला. अंपायर वाट बघत होता, पिचर वाट बघत होता. त्यानं टोपी काढली आणि पुन्हा घालायची विसरला. तशीच हातात धरून अंपायरपाशी गेला. बाजारात म्हणतायत, अंपायरनं विचारलं कोण येतंय, तर यानं नव्या पिचरऐवजी स्वतःचाच जुना नंबर सांगितला. खरंखोटं देव जाणे, पण अंपायर हसला होता हे मी पाहिलं.

आपण हरलो. लोक निघता निघेनात. असं हरायला मी रोज जाईन.

तुला कोणी विचारलं नाही. गोंदो म्हणतो, शिव्या त्याच्या नावानं पाठव. मी म्हणते, माझ्या नावानं पाठव, पत्र मी दाखवलं.

हात्सुए


आसाहिकावा
१६ एप्रिल

हात्सुएसान,

सामना इथे टीव्हीवर होता. तोक्योचा असला की सगळ्या देशाला दाखवतात. मी बघणार नव्हते. नातवंडांनी लावला आणि मी विणकाम घेऊन सोफ्यावर बसले, पाठ अर्धी वळवून.

तू लिहिलंस ते सगळं मला कळलं. न विचारता वाजवलं म्हणून राग यायला हवा होता. मी त्याची वाट बघत होते, पण तो काही आला नाही.

टीव्हीवरचा माणूस गडबडून गेला. म्हणाला, "उजव्या स्टँडमध्ये काहीतरी गैरसमज झालेला दिसतोय, ही त्यांची वेळ नाही." नातू म्हणाला, आजी, ही माणसं वेडी आहेत का? मी विणकाम खाली ठेवून उठले होते.

सूनबाई धावत आली. म्हणाली, "आई, काय झालं? गुडघा धरला का? बसा ना."

म्हटलं, "नाही गं. आमच्या गावात हे गाणं बसून म्हणत नाहीत."

किनु